वहीतली सही : वारीतल्या बाया आणि दिंडीचा कारभार



दिंडीची शंभरी आली म्हणून जुन्या वह्या पेटीतून बाहेर निघाल्या. भिशी कोणी किती दिली, कोणत्या मुक्कामाला पंगत कोणाची, तांदूळ किती, नागली किती, असा सगळा मजकूर. त्या वह्यांत नावं आहेत ती पुरुषांची. बायांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी 'अमक्याची आई', 'तमक्याच्या घरून' एवढंच. साखरशेताहून त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या पायाशी जाणाऱ्या वाटेवर ज्या बाया डोक्यावर तुळस घेऊन चालल्या, त्यांची नावं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, वहीत नाहीत.

स्मरणिकेसाठी मला विषय मिळाला तो 'दिंडीतील महिलांचे योगदान' असा. तो मी थोडा वळवून घेतला आहे. योगदान लिहायला बसलं तर भाकरी, पाणी, तुळस, फुगडी या यादीवरच लेख संपेल. जो एकदा वारीला गेला त्याला ते सगळं ठाऊक आहे. मला पाहायचा आहे तो इतिहास निराळा. आपल्या संप्रदायात आणि आपल्या या जव्हार-मोखाड्याच्या मुलखात बाईचा शब्द कुठे चालला, तिची सही कुठे चालली, आणि शब्द चालला तिथे सही का नाही चालली?

सुरुवात मुक्ताईपासूनच करायला हवी. आपण निवृत्तिनाथांच्या दारी जाणारी माणसं, त्यामुळे त्यांच्या धाकट्या बहिणीचा मान आपल्याकडे जरा जास्तच. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरची कथा कीर्तनात सगळ्यांनी ऐकली आहे. संत जमले होते. मुक्ताईने कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि हे कशासाठी, असं विचारलं. मडकं पक्कं की कच्चं ते पाहायला, असं काका म्हणाले. मग ही माणसाची मडकीही पाहा की, असं तिनेच सुचवलं. नामदेवांच्या डोक्यावर थापटणं बसलं, ते कुरकुरले आणि मडकं कच्चं ठरलं. नामदेव तिथून रुसून उठले, पण पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले ते यामुळेच. आपण ही कथा नामदेवांच्या गुरूची म्हणून सांगतो. मी ती दुसऱ्या बाजूने सांगतो. संतांच्या सभेत परीक्षा घ्यायची ही सूचना एका पोरसवदा मुलीने केली, आणि सभेने ती मानली. 'तू लहान, तू बाईमाणूस, तू गप्प बस' असं कोणी म्हटल्याचं कथेत नाही.

चांगदेवांचं तर त्याहून पुढचं. चौदाशे वर्षं जगलेला योगी अशी त्यांची ख्याती. त्यांनी कोरा कागद पाठवला, त्याच्या उत्तरात ज्ञानोबांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, त्यांनाच आपण चांगदेव पासष्टी म्हणतो. पण चांगदेवांना उपदेश केला तो मुक्ताईने. गुरुपद तिचं. आणि ज्ञानोबा स्वतः दार लावून बसले तेव्हा दाराबाहेर उभं राहून त्यांची समजूत घालणारे ताटीचे अभंग कोणाचे? तिचेच. परंपरेने तिचं आयुष्य १२७९ ते १२९७ असं धरलं जातं, म्हणजे जेमतेम अठरा वर्षांचं.

पुढची नावं आपल्याला पाठ आहेत : जनाबाई, सोयराबाई, निर्मळा, कान्होपात्रा. यांच्यात एक गोष्ट सारखी आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. प्रत्येकीने अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घातली. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, सोयराबाई चोख्याची महारी म्हणवते. आधार पुरुषाच्या नावाचा आहे हे खरं. पण मुद्रा आहे ती त्यांची. नाममुद्रा म्हणजे काय, तर सहीच. हे मी म्हटलं, याची जबाबदारी माझी. सोयराबाईने तर विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारले आणि खाली आपली मुद्रा उमटवली. सातशे वर्षांपूर्वी, मंदिराच्या पायरीवरही जिला उभं राहू देत नव्हते अशा बाईने.

बहिणाबाईंवर थोडं थांबतो, कारण त्यांची हकिगत त्यांनी स्वतःच अभंगांत लिहून ठेवली आहे. वेरूळजवळच्या देवगावात १६२८च्या सुमारास जन्म. तीन वर्षांची असताना तिशीतल्या बिजवराशी लग्न. घरदार फिरत फिरत कोल्हापुरात आलं, तिथे जयरामस्वामींचं कीर्तन कानी पडलं आणि तुकोबांच्या अभंगांचं वेड लागलं. तुकोबा जातीने शूद्र, आणि ही ब्राह्मणाची बायको. नवऱ्याने मारलं, बांधून ठेवलं. तरी तिने गुरू मानले ते तुकोबाच. पुढे नवराच आजारी पडला, त्याचं मन पालटलं, आणि सगळं कुटुंब देहूला आलं. पती आणि परमार्थ दोन्ही सांभाळायचं म्हणजे काय, हे या बाईंनी जितकं उघडपणे लिहिलं तितकं त्या काळी दुसऱ्या कोणी लिहिलेलं मला माहीत नाही. जातीचा अभिमान खोडून काढणारा वज्रसूची हा संस्कृत ग्रंथही त्यांनी मराठीत आणला. १७०० साली त्या गेल्या. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला त्यांचं स्थान आहे.

आता इथे थांबून विचारायचं. ज्या संप्रदायात चौदाशे वर्षांच्या योग्याला मुलगी गुरू चालली, त्याच संप्रदायाच्या फडावर, गादीवर, दिंडीच्या विण्यावर बाई का नाही आली?

मला जे उत्तर दिसतं ते असं. संतांच्या काळी संप्रदायाला शब्द होता, कारभार फारसा नव्हता. कारभार नंतर आला. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली पालखी काढली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, त्यांचे क्रमांक, चोपदाराने दंड उंचावताच होणारी शांतता, ही सगळी शिस्त फौजेच्या तळावरची आहे. तिने वारी टिकवली, लाखांचा जमाव सुरळीत चालवला, त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण फौजेत जागा पुरुषांच्याच असतात. फड बापाकडून लेकाकडे, विणा वडिलांकडून मुलाकडे, असं ठरत गेलं. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास करून तयार झालेले कीर्तनकार खेड्यापाड्यांच्या सप्ताहांत पोचले. आपल्या डोंगरांत हरिपाठ घरोघर गेला तो अशाच लोकांमुळे. पण शिकणारे सगळे मुलगे. मुलींना टाळ-मृदंग आणि कीर्तन शिकवणं फार उशिरा सुरू झालं. बाईने बोलू नये असं कोणी ठरवलं नव्हतं. तिला बसायला जागा ठेवायचीच राहिली, आणि शे-दोनशे वर्षांत त्यालाच परंपरा म्हणू लागले.

परंपरा बदलत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. मे १९४७मध्ये सानेगुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपास केला तेव्हा विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडलं. त्याआधी ते उघडत नव्हतं, तेही परंपरेनेच.

हे झालं देशावरचं. आता आपल्या मुलखाकडे येतो, कारण इथली गोष्ट निराळी आहे आणि देशावरच्या लोकांना ती सहसा माहीत नसते.

आपली दिंडी निघाली तेव्हा इथे मुकणे राजांचं जव्हार संस्थान होतं. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी ही इथली माणसं. आषाढीला पंढरपूर गाठणं इथल्यांना कठीण. त्या दिवसांत आवणीची घाई, चिखलात वाकलेली कंबर सरळ करायला वेळ नाही. म्हणून आपल्याकडे ओढ पौष वद्य एकादशीच्या त्र्यंबकच्या यात्रेची. भात झोडून झालेलं असतं, थंडी असते, मोखाड्यावरून तोरंगणचा घाट चढलं की वाट ओळखीची.

याच मुलखात वारल्यांच्या घरी लग्न कोण लावतं? धवलेरी. ती बाई असते. मांडवात बसून ती लग्नाची गाणी म्हणते, विधी तिच्या तोंडून पुढे सरकतात, तिच्याशिवाय लग्न पुरं होत नाही. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात त्या सवाशिणी, आणि चौकात बसते ती पालघट देवी. भगत पुरुष असतो, त्याचं काम वेगळं. पण लग्नासारखं मोठं कार्य, जिथे दोन कुळं जोडली जातात, ते बाईच्या हाती. विटाळ, सोवळं, बाईचा आवाज सभेत चालतो का, असल्या शंका ज्यांना येतात त्यांनी एकदा वारल्यांच्या मांडवात जाऊन बसावं. धवलेरीचं गाणं चाललेलं असताना मध्ये बोलायची कोणाची टाप नसते, पाटलाचीसुद्धा.

म्हणजे आपल्या दिंडीतल्या कित्येक घरांत बाई घरच्या मांडवात पुरोहित आहे, आणि तीच बाई दिंडीत आली की मागच्या ओळीत. ही गोष्ट मला फार दिवस खटकत आली आहे. आपण माळ घातली तेव्हा दारू सोडली, कोंबडं-बकरं सोडलं, चांगलंच केलं. पण त्या झटक्यात धवलेरीचा मानही सुटला की काय, याचा कोणी विचार केला नाही.

चौकाची आणखी एक गंमत. चौकावर सही नसते. १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या थोर कलाकाराने वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणलं, जगभर नेलं, त्यांना पद्मश्री मिळाली, आपल्या सगळ्यांचा मान वाढला. पण चित्राला नाव आणि किंमत आली तेव्हा पुढे आलेली बरीचशी नावं पुरुषांची होती. पिढ्यान्पिढ्या भिंतीवर काढणाऱ्या सवाशिणींची नावं कोणाला सांगता येतील? कोणाला दोष द्यावा असं यात काही नाही. काम कोणाचं आणि सही कोणाची, हे वेगळं कसं पडत जातं त्याचा हा नमुना.

१९४५ हे साल आपल्या भागासाठी मोठं. त्या एका वर्षात आजच्या पालघर जिल्ह्यात तीन बाया पुढारी म्हणून उभ्या राहिलेल्या दिसतात. ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना आज देशभर आहे, तिची मुळं इथली. गुरं राखणाऱ्या पोरांना शाळेत आणता येईना तर शाळाच कुरणात न्यायची, ती कुरणशाळा. आपल्याला इथे महत्त्वाचं असं की नूतन बालशिक्षण संघ ही ताराबाईंनी १९२६मध्ये उभारलेली संस्था. त्या कोणाच्या संस्थेत 'मदतीला' नव्हत्या. धोरण त्यांचं होतं, जबाबदारीही त्यांचीच. १९७३मध्ये ताराबाई गेल्यावर अनुताईंनी ती पुढे चालवली. एका बाईनंतर दुसरी बाई सहजपणे खुर्चीवर बसली, कारण तिने अठ्ठावीस वर्षं शेजारी बसून काम पाहिलं होतं.

तिसऱ्या गोदावरी परुळेकर. मे १९४५मध्ये तलासरीजवळ झरीला वारल्यांची परिषद भरली, वेठ आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध लोक उठले, ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. त्यांच्या पक्षाशी आपल्यातल्या कित्येकांचं पटत नाही, माळकऱ्यांचं तर नाहीच, आणि तो वाद इथे काढायचं कारण नाही. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक मात्र ज्याला या मुलखाचा इतिहास कळून घ्यायचा आहे त्याने वाचावं. पुढे त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षही झाल्या. शेतकऱ्यांच्या एवढ्या मोठ्या संघटनेत अध्यक्ष बाई, हे तेव्हा नवलच होतं.

पण या तिघी बाहेरून आलेल्या, शिकलेल्या. साखरशेतच्या, मोखाड्याच्या पाड्यावरच्या बाईला खुर्ची मिळाली ती फार नंतर, आणि ती कायद्याने.

१९९२-९३ साल आठवतं तेव्हा अजून अंगावर काटा येतो. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लहान मुलं कुपोषणाने दगावली. पुढारी, अधिकारी, पत्रकार सगळे इथे धावले, आणि जव्हारचं नाव देशभर झालं ते अशा कारणाने. त्याच डिसेंबरात दिल्लीत संसदेने ७३वी घटनादुरुस्ती मंजूर केली. २४ एप्रिल १९९३पासून ती लागू झाली आणि पंचायतीत एकतृतीयांश जागा बायांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्राने १९९०मध्येच ३० टक्के जागा ठेवल्या होत्या, २०११पासून त्या निम्म्या झाल्या. आपला भाग अनुसूचित क्षेत्र, तेव्हा इथे सरपंच आदिवासीच, आणि त्यांतही पाळीपाळीने बाई. वावरच्या मुलांचं आणि त्या कायद्याचं तसं नातं काही नाही. पण पोराच्या ताटात काय पडतं हे जिला ठाऊक, तिचा गावाच्या पैशावर हक्क नाही, ही दोन्हींमागची दुखरी जागा एकच होती.

कायद्याने खुर्ची आली तेव्हा काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. सरपंच बाई, आणि बोलतो नवरा. 'सरपंचपती' हा शब्दच तयार झाला. ग्रामसभेत बाई पदर ओढून एका कडेला, नवरा टेबलाशी. चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागतात, म्हणून सहीपुरती तिला घरून बोलवायचं. हे बघून बरेच जण म्हणाले, बायांना पद देऊन काही उपयोग नाही.

मला त्याच काळातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. त्याच पाड्यांवर बचत गट उभे राहिले. माविम १९७५पासून होतंच, पुढे २०११मध्ये उमेद अभियान आलं. गटाची पंचसूत्री आता शाळेत न गेलेल्या बाईलाही तोंडपाठ असते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशोब लिहिणं. अध्यक्ष बाई, सचिव बाई, बँकेत सही त्यांची. इथे 'अध्यक्षपती' कोणी होऊ शकला नाही. का? कारण दर बैठकीला पेटी उघडते, पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात, वही सगळ्यांसमोर लिहिली जाते. नवऱ्याला मध्ये शिरायला फटच नाही. तीच बाई, तोच पाडा. पंचायतीत गप्प, आणि गटात कर्ज थकवणाऱ्याला चार शब्द सुनावणारी. फरक बाईत नव्हता. वही कोणाच्या मांडीवर आहे, यात होता.

वनहक्क कायद्याने, २००६च्या, आणखी एक पाऊल टाकलं. वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश बाया असाव्यात आणि दळीचा पट्टा नवराबायकोच्या नावाने व्हावा, असं त्यात लिहिलं आहे. अलीकडे १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावात सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग बापाचं. 'अमक्याची आई' म्हणून वहीत जाणारी बाई आता निदान पोराच्या दाखल्यावर नावाने आली.

हे खेड्यातच घडतं असं नाही. २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक बाई सक्तीची केली. तेव्हा मुंबईतल्या कितीतरी मोठ्या कंपन्यांनी काय केलं? मालकाची बायको, नाहीतर मुलगी, नाहीतर सून बसवली. शेवटी सेबीला सांगावं लागलं की मोठ्या कंपन्यांत घराण्याबाहेरची, स्वतंत्र महिला संचालक हवी. १ एप्रिल २०२०पासून पहिल्या हजार कंपन्यांना ते बंधन आहे. आपल्याकडचा सरपंचपती आणि तिथला शेठ एकाच शाळेत शिकले असावेत. नॉर्वे नावाच्या लहानशा देशाने त्याआधीच, २००३मध्ये, संचालक मंडळावर ४० टक्के बायांचा कायदा केला. तिथेही आधी ओरड झालीच, एवढ्या लायक बाया आणायच्या कुठून म्हणून. आपल्याकडच्या सहकारी संस्थांतही आता संचालक मंडळात बायांना दोन जागा राखीव आहेत. एक नव्हे, दोन. ज्याने एकट्या बाईला पंधरा पुरुषांच्या सभेत बसलेलं पाहिलं आहे, त्याला या दोनाची किंमत कळेल. एकटीने हरकत घेतली तर तो तिचा स्वभाव ठरतो. दोघींनी घेतली तर ती हरकत ठरते.

आणि देवस्थानं? जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. १९७३च्या कायद्यानंतर चाललेला खटला एकदाचा मिटला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींचे आणि स्त्रियांचेही अर्ज मागवले. विठ्ठल-रुक्मिणीच्या पूजेसाठी बाईने अर्ज करायचा, हे ऐकून आपल्याकडचे काही जुने माळकरी हबकले होते. मी म्हणतो, मुक्ताईने अर्ज केला असता तर कोणी हबकलं असतं का?

शनिशिंगणापूरची गोष्ट तर विचार करण्यासारखी. जानेवारी २०१६मध्ये तिथल्या देवस्थानाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक महिला आली, अनिता शेटे. पण चौथऱ्यावर जायला तेव्हा बायांना बंदीच होती. अध्यक्ष बाई आणि चौथरा बंद, असे तीन महिने गेले. उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा बायांना खुला झाला. खुर्ची मिळाली म्हणजे दार उघडलंच असं नाही, आणि दार उघडलं म्हणजे खुर्ची मिळाली असंही नाही. दोन्ही वेगवेगळं मागावं लागतं.

आता आपल्या दिंडीचं. आपल्यासारख्या नोंदलेल्या दिंड्यांचा कारभार १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली चालतो. पंचायतीला आरक्षण आहे, सहकारी संस्थेला आहे, कंपनीलाही आहे. दिंडीला मात्र कोणी सांगत नाही. आपल्या न्यासाच्या घटनेत आपण जे लिहू तेच. म्हणजे सरकारची वाट पाहायची नाही, सरकारला नावं ठेवायची सोयही नाही. दुसऱ्या शतकाच्या पहिल्या विश्वस्त मंडळावर बाया असाव्यात की नाहीत, हे आपणच ठरवायचं आहे. माझं मत लपवण्यासारखं नाही : असाव्यात, निदान दोन असाव्यात, आणि विश्वस्तांच्या घरातल्याच असू नयेत. घटनेत दुरुस्ती करून, धर्मादाय कार्यालयात रीतसर चेंज रिपोर्ट भरून.

त्याहून मोठं म्हणजे त्यांच्याकडे काय द्यायचं. हळदीकुंकू आणि स्वागत समिती दिली की झालं, असं समजू नये. भिशीची वही द्यावी. बँकेत ज्या दोन सह्या लागतात त्यांतली एक बाईची असावी. दिंडीत किती पाणी लागतं, किती तांदूळ लागतात, कोणत्या पाड्यावर म्हाताऱ्या माणसाला झोपायला कोरडी जागा मिळते, हे ज्यांनी इतकी वर्षं पाहिलं त्यांना हिशोब शिकवायची गरज नाही. गटाची वही लिहिणाऱ्या कितीतरी मुली आपल्याच पाड्यांवर आहेत. आणि खर्च सप्ताहाच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवावा, गटात वाचतात तसा. अनुताईंनी ताराबाईंच्या शेजारी बसून काम पाहिलं तसं नव्या बायांनाही वर्ष-दोन वर्षं जुन्या कारभाऱ्यांच्या शेजारी बसू द्यावं. एकदम ओझं टाकून मग 'बघा, जमत नाही' म्हणणं, हा जुना डाव आहे.

विण्याचा प्रश्न येणार, तोही टाळत नाही. कित्येक गावांच्या सप्ताहात दिवसाच्या पहाऱ्याला बाया विणा घेऊन उभ्या राहतात, आणि विण्याला काही होत नाही. मग दिंडी चालू लागली की तो त्यांच्या गळ्यातून का काढायचा? विटाळाचं म्हणाल तर त्याचं उत्तर सोयराबाईने देऊन ठेवलं आहे, त्यात मी भर घालायचं कारण नाही. काही वडीलधाऱ्यांना हे जड जाईल. त्यांचं वय, त्यांची सेवा पाहता त्यांच्याशी बसून बोलावं, त्यांच्यावर ठराव फेकू नये. पण बोलून झाल्यावर निर्णयही घ्यावा.

एक साधी अडचण राहते, आणि अशाच अडचणींत मोठमोठे ठराव अडकतात. दिंडीची वार्षिक सभा आपण घेतो ती रात्री, जेवणं झाल्यावर. त्या वेळी बाईची भांडी राहिलेली असतात, पोरं झोपवायची असतात, दूरच्या पाड्यावर अंधारातून परत जायचं असतं. आवणीच्या दिवसांत तर ती दिवसाही येऊ शकत नाही, आणि दिवाळीनंतर निम्मी घरं वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली असतात. तेव्हा घटनादुरुस्तीची सभा ठेवायची तर आवणी उरकल्यावर आणि भातकापणीला हात लागण्याआधी, भाद्रपदात, दिवसाउजेडी ठेवावी. पंचायतीत ग्रामसभेआधी महिला सभा घेतात, तशी आदल्या दिवशी बायांची वेगळी बैठक घ्यावी. नोटीस मंदिराच्या दारावर चिकटवून न थांबता पाड्यापाड्यावर, प्रत्येक बाईच्या नावाने द्यावी.